जड पाण्यात साबणाला साथ देणारा सर्फॅक्टंट कसा पारखायचा

जड पाणी म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेलं पाणी. ३०० पीपीएम (लिटरमागे ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतक्या) कठीणपणाचं एक लिटर पाणी मळाला हात लागायच्या आधीच सुमारे १.८ ग्रॅम सोडियम ओलिएट (एक साबण) गिळतं. उरतो तो कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाचा चिकट चोथा, जो कपड्याच्या धाग्यात बसतो. साबण वाढवला की चोथाही वाढतो. म्हणून सोबत असा सर्फॅक्टंट (मळ सोडवणारं रसायन) हवा, जो त्या चोथ्याचे कण सुटे ठेवेल.

रेणू निवडताना शेपटी (तेलाकडे ओढणारा भाग) सरळ आणि डोकं (पाण्याकडे ओढणारा भाग) मोठं बघा. सल्फोनेटशेजारी एस्टर, अमाइड किंवा ईथर असा आणखी एक ध्रुवीय गट असला तर काम पुष्कळ सुधारतं. नेहमीचा एलएएस (डिटर्जंटमधला लिनियर अल्किलबेंझीन सल्फोनेट) इथे कच्चा ठरतो.

पारख बोर्गेटी-बर्गमन पद्धतीने (१९५०) करा. आधी १००० पीपीएमचं पाणी बनवा: एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात ०.८८ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट आणि ०.८१ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट. बुचाच्या परीक्षानळीत ०.५ टक्के सोडियम ओलिएटचं ५ मिली द्रावण घ्या, त्यात सर्फॅक्टंटचं ०.२५ टक्के द्रावण मोजून (दर नळीत वेगळ्या प्रमाणात) घाला, मग जड पाणी १० मिली, आणि डिस्टिल्ड पाण्याने ३० मिलीपर्यंत भरा. हा क्रम मोडू नका. जड पाणी आधी पडलं तर चोथा बांधला जातो आणि चांगला सर्फॅक्टंटही नापास होतो. नळी २० वेळा हळूच उलटसुलट करा. जोरात हलवलीत तर फेसाआड गुठळ्या दिसणार नाहीत. ३० सेकंद थांबून उजेडासमोर धरा. तरंगत्या गुठळ्या आणि खाली नितळ पाणी म्हणजे नापास. सगळीकडे सारखा धुरकटपणा म्हणजे पास.

पास व्हायला लागलेले मिलीलिटर गुणिले १०, म्हणजे १०० ग्रॅम ओलिएटमागे लागणारे सर्फॅक्टंटचे ग्रॅम; आकडा जितका कमी तितका चांगला. एलएएसचा आकडा ४० च्या आसपास येतो, अल्फा-सल्फो मिथाइल एस्टरचा ९ च्या आसपास.

पण नुसत्या आकड्यावर भाळू नका. खरी फजिती खळबळताना होते: साबण आणि सर्फॅक्टंट दोन्ही पातळ होतात, कॅल्शियम मात्र नव्याने येतं. म्हणून पास झालेल्या नळीतलं द्रावण मोठ्या भांड्यात घेऊन, त्यात दहापट जड पाणी ओतून, गडद सुती कापडातून गाळून डाग पाहा.

मिश्रणाची सुरुवात ६५ भाग साबण, २० भाग सर्फॅक्टंट, १५ भाग सोडियम सिलिकेट अशी करा. अल्फा-सल्फो एस्टर वापरताना उदासिनीकरणात (आम्ल मारताना) कॉस्टिक सोडा एकदम ओतू नका. एस्टर तुटून डायसोडियम क्षार होतो, तो थंड पाण्यात नीट विरघळत नाही.