कार्डावर कोटिंग मारताना या चुका टाळा

नदीकाठच्या पंपाची ऑटो-स्टार्टर कार्डं (सर्किट बोर्ड) पावसाळ्यात बिघडून आली की मालक हमखास म्हणतो, “कोटिंग होतं की!” म्हणजे दमटपणापासून वाचवणारा पातळ थर. असतोही, पण रिलेच्या कडेला काकवीसारखा साचलेला आणि आयसीच्या (चिपच्या) पायांच्या टोकांवर नावालाही नाही.

जाड थर म्हणजे जास्त संरक्षण, हा समज आधी सोडा. अ‍ॅक्रिलिक आणि पॉलियुरेथेन कोटिंगचा वाळलेला थर ३० ते १३० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), सिलिकॉनचा ५० ते २१० मायक्रॉन, एवढाच हवा. त्याहून जाड थरात सॉल्व्हंट (वाळताना उडून जाणारा द्रव) अडकतो, बुडबुडे राहतात, पुढे तडे जातात. आयसीखाली साचलेलं कोटिंग तर गरम-थंड होताना फुगतं, आकसतं आणि सोल्डरचे जोड सैल करतं.

दुसरी चूक ओल्या थरालाच खरी जाडी धरण्याची. कोटिंगमध्ये आकारमानाने ४० टक्के घनभाग असेल तर १०० मायक्रॉनचा ओला थर वाळून ४० उरतो. हा आकडा डेटाशीटमध्ये असतो. थिनर घातलात की तो आणखी उतरतो. कार्डाशेजारी पत्र्याचा तुकडा ठेवून त्यावरही तेवढेच हात मारा. तो पत्रा आधी आणि पूर्ण वाळल्यावर मायक्रोमीटरने मोजा, वजाबाकी म्हणजे तुमची जाडी. एकदम जाड हात मारण्याऐवजी दोन-तीन पातळ हात मारा आणि दर हाताला कार्ड काटकोनात फिरवा.

आपल्याकडे जुलैत आणखी एक त्रास होतो: कोटिंग दुधाळ पडतं. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतला दमटपणा त्यावर बसतो. अशा दिवशी खोली कोरडी करा, कार्ड आधी शेकून घ्या, नाहीतर काम सरळ पुढे ढकला.

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून आलेल्या कार्डांवर लोखंड-कार्बनची धूळ असते. ती आणि सोल्डरिंगचा उरलेला फ्लक्स आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) न धुता वर कोटिंग मारलं, तर विजेच्या गळतीचा रस्ता कोटिंगखाली तसाच कोंडला जातो. कोटिंग माशाच्या डोळ्यांसारखं गोल फाटत असेल तर जवळपास सिलिकॉन स्प्रे वापरला गेलाय का, ते बघा. कनेक्टर, प्रीसेट (फिरवून जुळवायचे रेझिस्टर), उघडे रिले टेपने झाका, हे सांगायला नकोच.

कोटिंगमध्ये चमकणारा रंग असेल तर शेवटी अंधारात यूव्ही टॉर्च मारा. सपाट भाग छान उजळेल. नजर ठेवा ती आयसीच्या पायांच्या धारांवर. कोटिंग तिथूनच ओघळून जातं.