मुरघास: खड्डा, बॅग की गाठी?

मुरघास, म्हणजे हिरवा चारा कापून, हवाबंद ठेवून आंबवलेले खाद्य, कशात साठवायचा हे ठरवताना बहुतेक जण आधी खर्चाचा हिशेब मांडतात. माझ्या मते पहिला प्रश्न रोज किती मुरघास काढला जाणार हा असावा, कारण साठ्याच्या उघड्या तोंडातून हवा आत शिरते आणि मोठी नासाडी तिथेच होते.

मक्याची कापणी शुष्क पदार्थ (पाणी वगळता चाऱ्यात उरणारा भाग) ३० ते ३५ टक्के असताना, म्हणजे दाण्यावरील दुधाची रेषा (दाण्याचा घट्ट झालेला आणि अजून दुधाळ असलेला भाग वेगळी करणारी रेषा) साधारण निम्म्यापर्यंत उतरल्यावर करावी. ओलावा मोजण्याचे यंत्र नसल्यास कुट्टी (चाऱ्याचे बारीक तुकडे) मुठीत अर्धा मिनिट घट्ट दाबून मूठ उघडावी. रस ठिबकला तर कापणीची घाई झाली आणि गोळा लगेच विस्कटला तर उशीर झाला. गोळा हळूहळू सुटून तळहात जेमतेम ओलसर राहिला, तर वेळ योग्य आहे. हार्वेस्टर १ ते २ सेंटिमीटरची कुट्टी थेट ट्रॉलीत टाकतो, त्यामुळे खड्डा लवकर भरतो. हाताने कापून कुट्टी यंत्रावर बारीक करताना भरणी रेंगाळते, म्हणून तेथे एका दिवसात भरून बंद करता येतील अशा बॅगा बऱ्या.

खड्ड्यात किंवा बंकरमध्ये (जमिनीवर भिंती बांधून केलेल्या हौदात) सुमारे १५ सेंटिमीटरचे थर पसरून प्रत्येक थर ट्रॅक्टरने दाबावा, वर प्लास्टिक घालून त्यावर वजन ठेवावे. रुंदी मात्र हिशेबाने ठरवावी. वीस जनावरांना प्रत्येकी २० किलो, म्हणजे रोज ४०० किलो मुरघास लागतो; घनमीटरला ६५० किलो मुरघास बसेल इतका दाब, दीड मीटर उंची आणि रोज २० सेंटिमीटरची काढणी धरली, तर रुंदी जेमतेम दोन मीटर येते. एवढ्या जागेत ट्रॅक्टर फिरवून नीट दाब देता येत नाही, म्हणून लहान गोठ्याने खड्ड्याचा आग्रह सोडावा.

गवतासाठी गाठी सोयीच्या असतात. शुष्क पदार्थ ४५ टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत गवत सुकवावे, गाठ बांधल्यावर त्याच दिवशी प्लास्टिकचे किमान चार, शक्यतो सहा थर गुंडाळावेत आणि पक्ष्या-उंदरांनी पाडलेले भोक दिसताच चिकटपट्टीने बुजवावे.

मुरघास साठवायच्या उंच मनोऱ्यात (टॉवर सायलोत) दाब आपोआप मिळतो, पण भरणीनंतर पहिले तीन आठवडे तेथे विषारी नायट्रोजन डायऑक्साइड साचू शकतो, म्हणून त्या काळात आत उतरू नये. साठवण कोणतीही असली तरी आंबवण पूर्ण होण्यासाठी ती किमान चार ते सहा आठवडे उघडू नये.