परातीत वाटाणे ओतण्याआधी: घरच्या खेळांतल्या या चुका टाळा

"आई, वाटाणा हरवला." मुलगा एवढंच म्हणाला आणि नाक चोळायला लागला. तेव्हा तो अडीच वर्षांचा होता. इन्स्टावर बघून मीच हौसेनं परातीत वाटाणे, हरभरे, राजमा ओतून 'सेन्सरी बिन', म्हणजे हात घालून चाचपत खेळायचं भांडं, मांडलं होतं आणि फोडणी जळेल म्हणून ओट्याकडे वळले होते. सुका वाटाणा नाकातल्या ओलाव्यानं फुगतो. घरी चिमट्यानं ओढायला गेलं की आणखी आत सरकतो, म्हणून हात न लावता थेट कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं. आमचा निघाला, पण रिक्षातली ती वीस मिनिटं मी विसरलेले नाही.

तर पहिली चूक हीच. तीन वर्षांच्या आतल्या मुलांना कडधान्यं, शेंगदाणे, मणी, गोट्या नकोत. कच्चा राजमा तर पोटात गेला तरी बाधतो. पाण्यात टाकल्यावर फुगणारे जेलीचे रंगीत मणी घरातच आणू नका, गिळले तर आतड्यात फुगून अडकतात. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, ती नाकातोंडात उडते. बोटानं रेघोट्या मारायला ताटात रवा पसरा. सगळं तोंडात घालायच्या वयात भिजवलेले पोहे किंवा शिजवून गार केलेल्या शेवया द्या. सासूबाई म्हणाल्या, "अन्नाशी कसला खेळ?" त्यांचंही खरं आहे, म्हणून मूठभरच घेते आणि उरलेलं कुंडीत जातं. कबुतरांना नाही, आमच्या सोसायटीत त्यांचा आधीच उच्छाद आहे.

दुसरी चूक पसाऱ्याची. तुळशीबागेतून भातुकलीचा अख्खा संच आणला की मूल दोन मिनिटं सगळं उलथंपालथं करतं आणि उठून जातं. दोन स्टीलचे पेले आणि थोडं पाणी, बास. या पेल्यातून त्या पेल्यात ओतताना मनगट कसं वळतं, शेवटच्या थेंबाला जीभ कशी बाहेर येते, ते बघत बसा. सांडत असेल तर पेला पावच भरा आणि खाली टॉवेल अंथरा. पाण्याचा खेळ चालू असताना फोन घ्यायलाही उठू नका. गुरुवारी पाणी येणार नाही म्हणून आपण बादल्या भरून ठेवतो ना, त्या आधी बाथरूममध्ये ठेवून कडी लावा. वीतभर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं.

तिसरी चूक मी अजून करते: "असं नाही रे, असं!" म्हणत त्याच्या हातातलं काढून घेणं. कपड्यांचे चिमटे दोरीला लावायला दिले तर त्याला जमेना. दोष दोरीचा होता, ती हलते. पुठ्ठ्याच्या खोक्याच्या काठाला लावायला दिले, तेही जुने, स्प्रिंग सैल झालेले, आणि लगेच जमलं. दोन्ही हातांनी दाबू दे की!

कणकेचा गोळा चिकट लागतो म्हणून मूल हात आखडतं? बोटं धरून आत खुपसू नका. आधी चमचा द्या, नाहीतर गोळ्याला तेलाचा हात लावा. मात्र कच्ची कणीक खाऊ देऊ नका, पोट बिघडतं. हातात येईल ते फेकत असेल तर त्याला फेकायचंच आहे. मोज्यांचे गोळे आणि धुण्याची रिकामी बादली समोर ठेवा. पाच मिनिटांत कंटाळलं? झालं, आवरा.

एक गोष्ट मात्र खेळावर सोडू नका. वर्षाच्या आतलं बाळ सारखा एकच हात वापरत असेल, तर "डावखुरा होणार बघा" म्हणून नातेवाईक कौतुक करतात. इतक्या लवकर हात ठरत नसतो. दुसरा हात नीट चालतो ना, हे बघायला पुढच्या लसीची वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना दाखवा.