मुलाच्या अंगात रक्त कमी आहे? या चुका टाळा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी जवळपास ६९ टक्के मुलांचं हिमोग्लोबिन कमी निघालं. आधीच्या फेरीत (२०१५-१६) हेच प्रमाण ५४ टक्क्यांच्या आसपास होतं. या सर्वेक्षणात बोटाला टोचून घेतलेल्या थेंबावर तपासणी होते, त्यामुळे हा आकडा फुगतो, असं काही तज्ज्ञ म्हणतात. पण शिरेतून रक्त घेऊन केलेल्या २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण पाहणीतही देशातली एक ते चार वर्षांची ४१ टक्के मुलं ॲनिमियाग्रस्त, म्हणजे रक्त कमी असलेली, होती. म्हणजे कुठलाही आकडा धरा, पाचातली दोन मुलं तरी आहेतच.

यातली बरीच मुलं टाळता येण्यासारख्या चुकांमुळे अशक्त राहतात. चुका करणारे आईबाप निष्काळजी असतात असं मुळीच नाही. पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेलं ते मनापासून करत असतात.

वरणाचं पाणी म्हणजे जेवण नव्हे

सगळ्यात मोठी चूक सहाव्या ते अठराव्या महिन्याच्या दरम्यान होते. हिमोग्लोबिन बनायला लोह लागतं. पूर्ण दिवसांचं, चांगल्या वजनाचं बाळ आईच्या पोटातून साधारण सहा महिने पुरेल इतका लोहाचा साठा घेऊन येतं. आईच्या दुधातलं लोह चांगलं अंगी लागतं, पण ते असतं फारच थोडं. सहा महिन्यांनंतर बाळ झपाट्याने वाढत असतं, साठा संपत आलेला असतो, आणि नेमकं तेव्हा आपण त्याला काय देतो? वरणाचं वरचं पाणी, भाताची पेज, चहात बुडवलेलं बिस्किट. पोट भरतं, बाळ झोपतं, घरच्यांना समाधान वाटतं. पण डाळीतलं लोह पातेल्याच्या तळाशी राहिलेलं असतं.

उष्टावण झाल्यावर वाटी अशी भरा: मऊ शिजवलेला भात, त्याच्या निम्मं तरी घोटलेलं घट्ट वरण, चमचाभर तूप, वर लिंबाचे चार थेंब. मिश्रण चमच्यातून ओघळता कामा नये, चमचा तिरका केला तरी त्यावर टिकलं पाहिजे. आठवड्याभरात त्यात कुस्करलेली मोडाची मटकी, शेवग्याच्या पाल्याची बारीक पूड, बाजरीची खिमट असं एकेक वाढवत न्या. मोड आणल्याने कडधान्यातलं लोह शोषायला सोपं जातं. घरात मांसाहार चालत असेल तर दात यायची वाट पाहू नका. नीट शिजवून वाटलेलं चिकन, मासा किंवा थोडी कलेजी सातव्या-आठव्या महिन्यापासून चालते, आणि त्यातलं लोह भाजीपाल्यातल्या लोहापेक्षा कितीतरी सहज अंगी लागतं.

आणि कृपा करून चहा देऊ नका. दुधाचा असो की कोरा, एक घोट असो की अर्धा कप. चहातले घटक जेवणातलं लोह अडवतात.

दुधावर वाढवणं

"काही खात नाही, पण दूध लिटरभर पितो" हे कौतुकाने सांगितलं जातं. गाई-म्हशीच्या दुधात लोह नगण्य असतं, त्यातलं कॅल्शियम दुसऱ्या अन्नातलं लोह शोषू देत नाही, आणि वर्षाखालच्या काही बाळांच्या आतड्यातून या दुधामुळे डोळ्यांना न दिसणारा रक्तस्राव होत राहतो. दुधाने पोट भरलेलं मूल जेवणार तरी कसं? वर्षापर्यंत वरचं दूध मुख्य आहार म्हणून नको. त्यानंतरही दिवसाला अर्ध्या लिटरच्या पुढे जाऊ नका.

लाल रंगावर भरवसा

बीट, गाजर, डाळिंब, सफरचंद. रंग लाल म्हणून रक्त वाढवणारं, ही समजूत फार खोल रुजली आहे. ही फळं-भाज्या चांगल्याच आहेत, पण त्यात लोह थोडंच असतं. गुळाचंही तसंच, मूल खाऊन खाऊन किती गूळ खाणार? त्यापेक्षा भिजवलेले हरभरे, मसूर, बाजरी, राजगिरा, अळीव यांवर पैसे घाला आणि सोबत पेरू, आवळा किंवा लिंबू द्या. लोखंडी कढईत केलेली आमटी-भाजी, विशेषतः थोडी आंबट, हाही साधा आणि स्वस्त मार्ग आहे.

औषधाची बाटली फडताळात

२०१८ पासूनच्या ‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिलि लोहाचं सिरप मिळतं. त्यात २० मिलिग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. आशाताई बाटली देऊन जातात, बाळाची शी काळी होते, घरात कुणीतरी घाबरतं आणि बाटली फडताळात जाते. काळी शी अपेक्षित आहे, तिला घाबरू नका. ताप, जुलाब किंवा न्यूमोनिया असेल तेवढे दिवस मात्र थांबा.

हा डोस मुळात प्रतिबंधासाठी आहे, हेही बऱ्याच जणांना सांगितलं जात नाही. हिमोग्लोबिन कमी निघालेल्या मुलाला रोज, वजनाप्रमाणे औषध लागतं, साधारण किलोमागे ३ मिलिग्रॅम लोह. प्रत्येक सिरपची ताकद वेगळी असते, म्हणून शेजारच्या मुलाचा डोस आपल्या मुलाला लावू नका. दुधातून देऊ नका. थोड्या लिंबूपाण्यासोबत, जिभेच्या मागच्या बाजूला सोडा म्हणजे दातांवर डाग पडत नाहीत. बाटली मुलाच्या हाताला लागणार नाही अशी उंचावर ठेवा. एकदम जास्त लोह पोटात गेलं तर मुलाच्या जिवावर बेततं.

आणि एक बाटली संपली, गाल लाल दिसू लागले, की औषध बंद, हे तर सर्रास होतं. आकडा ठीक झाल्यावरही दोन-तीन महिने औषध चालू राहिलं तरच रिकामा झालेला साठा भरतो.

जंताच्या गोळीबद्दल थोडक्यात: वर्षानंतर सहा महिन्यांतून एकदा अल्बेंडाझोल द्या, दोन वर्षांखाली अर्धी गोळी, कुस्करून. चप्पल आणि शौचालय यांचा उपयोग त्याहून जास्त.

प्रत्येक ॲनिमिया लोहाचा समजणं

महिनाभर नीट औषध देऊन हिमोग्लोबिन निदान १ ग्रॅमने वाढलं नाही, तर सिरपचा ब्रँड बदलत बसू नका. कारण शोधायला सांगा.

आई शाकाहारी, दूधदुभतंही जेमतेम, आणि बाळ वर्षापर्यंत फक्त अंगावरच्या दुधावर, असं असेल तर बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता डोळ्यासमोर ठेवा. असं बाळ पुष्कळदा गुबगुबीत दिसतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण ते मलूल असतं, बोटांची पेरं काळवंडतात, केस विरळ आणि भुरे होतात, हसणं-बसणं शिकलेलं विसरतं, पुढे हात थरथरू लागतात. इथे नुसत्या लोहाने काही होत नाही. बी-१२ बाळालाही हवं आणि आईलाही.

नंदुरबार, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत आणि एकूणच विदर्भात सिकलसेल, म्हणजे लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार, विसरून चालत नाही. सहा महिन्यांनंतर हातापायांचे पंजे सुजून दुखणं, डोळे वारंवार पिवळे होणं, ही त्याची खूण. थॅलेसेमिया या दुसऱ्या आनुवंशिक रक्ताच्या आजारात मूल पहिल्या-दुसऱ्या वर्षातच पांढरंफटक पडतं आणि पोटात पाणथरी (प्लीहा) वाढते. या दोन्ही आजारांत तपासणी न करता लोह देत राहणं चुकीचं आहे. वारंवार रक्त भरावं लागणाऱ्या मुलाच्या शरीरात लोह आधीच साचत असतं. हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी सांगितली तर खर्चाकडे पाहून टाळू नका. सरकारी रुग्णालयात आणि सिकलसेल कार्यक्रमात तिची चौकशी करा.

पुढच्या बाळाची तयारी न करणं

राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांचंही रक्त कमी आहे. ज्या आईचा स्वतःचा साठा रिता, तिचं बाळ कमी वजनाचं किंवा वेळेआधी जन्मण्याचा धोका वाढतो, आणि अशा बाळाचा साठा दोन-तीन महिन्यांतच संपतो. त्याला सहा महिने थांबवू नका, लोह कधी सुरू करायचं हे दुसऱ्या महिन्यातच डॉक्टरांना विचारा. प्रसूतीच्या वेळी बाळ ठीक असेल तर नाळ एक ते तीन मिनिटं थांबून कापावी, अशी विनंती आधीच करून ठेवा. तेवढ्या वेळात बाळाकडे जाणारं रक्त पुढचे कित्येक महिने कामी येतं.

घरी तपासायचं तर मुलाचा तळहात आपल्या तळहाताशेजारी धरा, खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघा. तो पांढरट वाटला, मूल चिडचिडं झालं, माती-खडू खाऊ लागलं, तर रक्ततपासणी करून घ्या. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल, दूध पिताना धाप लागत असेल किंवा मूल एकाएकी पांढरं पडलं, तर सिरप बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.