बँकॉकला मैत्रिणींसोबत जाताय? दुपारी झोपा!

बँकॉकला निघालोय म्हटलं की समोरचा आधी गालात हसतो. त्यात बायकाबायकाच जाणार असाल तर "तिथे तुमचं काय काम?" हेही ऐकावं लागतं. ऐकून घ्यायचं आणि तिकिटं काढायची. रात्री अकरा वाजता रस्त्यावर उभं राहून गरमागरम खावं आणि मेट्रोने हॉटेलवर परतावं, ही चैन चाळिशीतल्या आम्हा चौघींना तिथे जमली, तर तुम्हालाही जमेल.

पहिला नियम सांगते, बाकी सगळं त्यावरच उभं आहे. दिवस दोन पाळ्यांत लावायचा. सकाळी आठ ते बारा फिरायचं, बारा ते पाच हॉटेलवर एसी लावून चक्क झोपायचं आणि सहाला ताजंतवानं होऊन बाहेर पडायचं. "एवढे पैसे खर्च करून झोपायला आलोय का?" असं ग्रुपमधली एक जण म्हणतेच. तिला एकदा दुपारी एक वाजता राजवाड्याच्या फरशीवर उभी करा. मुंबईच्या मे महिन्याला नावं ठेवणं बंद होईल.

हॉटेल बीटीएस किंवा एमआरटी स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर हवं. बीटीएस म्हणजे वरून धावणारी स्कायट्रेन, एमआरटी म्हणजे मेट्रो. खाओ सान रोडच्या भागात खोल्या स्वस्त मिळतात, पण स्टेशन लांब पडतं आणि रात्री टॅक्सीवाल्यांच्या तावडीत सापडता. गाड्या साधारण मध्यरात्रीपर्यंत असतात. त्यानंतर ग्रॅब, म्हणजे अ‍ॅपवरची टॅक्सी, मागवा. रस्त्यावरची टॅक्सी थांबवलीच, तर बसण्याआधी "मीटर?" एवढंच विचारा. नाही म्हणाला की दार लावून टाका.

पहिल्या सकाळी राजवाडा. स्कायट्रेनने सफान ताक्सिनला उतरा, खाली साथोर्न धक्का आहे, तिथून नारिंगी झेंड्याची बोट पकडा. पर्यटकांची वेगळी, महागडी बोट तुमच्या गळ्यात मारायला लोक उभे असतात, त्यांच्याकडे कानाडोळा करा. नारिंगी बोटीत शाळकरी मुलं, ऑफिसवाले, भिक्खू, सगळे असतात. पत्र्याची लांबट नळकांडी खडखडवत कंडक्टर येतो, तिकीट त्यातूनच निघतं. धक्का जवळ आला की मागे उभा असलेला खलाशी शिट्ट्या मारून चालकाला इशारे देतो. बोट क्षणभर टेकते, तेवढ्यात उतरायचं. साडी नको.

था चांग धक्क्यावर उतरा. राजवाडा ८.३० ला उघडतो, तिकीट ५०० बाट. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, लेगिंग्ज चालत नाहीत. सैलसर सलवार-कुर्ता उत्तम. वाटेत एखादा नीटनेटका माणूस अदबीने सांगेल, "आज राजवाडा बंद आहे, टुकटुकने दुसरी देवळं दाखवतो." ती टुकटुक रत्नांच्या दुकानापाशी जाऊन थांबते. सरळ पुढे चालत राहा आणि दारावरच काय ते बघा.

आत पाचूच्या बुद्धाच्या देवळाभोवतीच्या ओवऱ्यांत रामकियेन, म्हणजे थाई रामायण, भिंतभर रंगवलंय. सगळे सोन्याच्या स्तूपांसमोर सेल्फी काढत असतात, तुम्ही इथे अर्धा तास द्या. आपल्याला पात्रं ओळखता येतात, हीच गंमत. फक्त इथला मारुती ब्रह्मचारी नाही. तो रावणाच्या मुलीच्या, एका मत्स्यकन्येच्या, प्रेमात पडतो. तालमीतल्या मारुतीला शनिवारी तेल घालणाऱ्या माझ्या मैत्रिणीला हे काही पटलं नाही.

पुढे चालत वाट फो. वाट म्हणजे देऊळ. निजलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे. मोबाइलमध्ये मावत नाही, तेव्हा त्या भानगडीत पडू नका. तळपायांवरचं शिंपल्यांचं नक्षीकाम जवळून पाहा आणि झोपायला परत या. वाट अरुण संध्याकाळी, नदीच्या अलीकडच्या था तियेन धक्क्यावरून, दिवे लागल्यावर बघायचं.

आता दुसरी पाळी. एक रात्र यावरातला, म्हणजे चायनाटाउनला, द्यायचीच. एमआरटीने वाट मंगकोन स्टेशनला उतरा. सोमवारी जाऊ नका, खाण्याच्या बऱ्याच गाड्या बंद असतात. शाकाहारी मैत्रीण असेल तर तिला आधीच सांगून ठेवा, की साध्या भाजीतही माशाचा सॉस असतो. "माय साय नाम प्ला" म्हणजे तो सॉस घालू नका. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर दिसलं तर ती "जे" गाडी. तिथे मांस, मासे, अंडी, दूध काहीच नसतं, कांदा-लसूणसुद्धा नाही. चातुर्मासवाल्या सासूबाईंनाही चालेल असं! बाकी भाजलेले चेस्टनट, डाळिंबाचा रस आणि नारळाच्या दुधातला आंबा-चिकटभात आहेच.

तिथूनच चालत सोई नाना या गल्लीत जाता येतं. जुन्या चिनी दुकानांच्या इमारतींत छोटे बार आहेत, बसून गप्पा मारता येतात. ड्रायव्हरला मात्र "चायनाटाउन" आवर्जून सांगा. नुसतं नाना म्हटलंत तर तो सुखुमवितच्या नानाला नेईल, आणि तो मोहल्ला वेगळा. तसलंच पातपोंग या गल्लीचं. शोचे फलक दाखवून वरच्या मजल्यावर बोलावतात, वर गेलात की बिल वाढत जातं. खालचा बाजार बघा, जिना चढू नका.

गुरुवार हाताशी असेल तर रात्री साडेनऊला सेंट्रलवर्ल्ड मॉलसमोरच्या त्रिमूर्तीपाशी जा. प्रेम मिळावं म्हणून तरुण मुलंमुली लाल गुलाब आणि उदबत्त्या घेऊन रांगेने उभी असतात. गुरुवार आणि त्रिमूर्ती म्हटल्यावर आपल्याला दत्तच आठवणार, पण इथलं मागणं अगदी वेगळं. शेजारी गणपतीही आहे. चित लोम स्टेशनजवळ एरावनच्या ब्रह्मदेवासमोर नवस फेडायला नर्तकी नाचतात, तेही त्याच फेरीत होतं, पण संध्याकाळी थोडं लवकर जा.

रूफटॉप बारला एकदा जा, एकच पेय घ्या, दर बघून दुसरं मागवावंसं वाटणारही नाही. चपला आणि चड्ड्या चालत नाहीत. व्हेप थायलंडमध्ये बेकायदा आहे, कुणाच्या पर्समध्ये असेल तर घरीच काढून ठेवायला लावा.

पैशांसाठी रोज सकाळी सगळ्यांनी सारखे बाट एका पाकिटात टाकायचे. बोट, मेट्रो, पाणी, खाणं त्यातून. दारू आणि खरेदी ज्याची त्याने. पाकीट सांभाळायला मात्र न पिणारी मैत्रीण निवडा.