अमेरिकेत शटडाऊन झालं तर: कुठली तारीख पाहायची, कुठला कागद आधी हलवायचा

अमेरिकेत ‘सरकार बंद’ म्हणजे सगळं सरकार बंद नव्हे. ज्या कामाचा पैसा दरवर्षी काँग्रेसकडून, म्हणजे अमेरिकी संसदेकडून, नव्याने मंजूर करून घ्यावा लागतो, त्यातलं अत्यावश्यक नसलेलं तेवढं थांबतं. जे काम लोकांनी भरलेल्या फीवर किंवा कायद्यातल्या कायमच्या तरतुदीवर चालतं, ते सुरू राहतं. त्यामुळे बातमी आली की पहिला प्रश्न एकच विचारायचा: माझ्या कामाचा पैसा कुठल्या तिजोरीतून येतो? आरोग्यविम्यावरून पेटलेल्या भांडणात हा प्रश्न जास्तच कळीचा, कारण ज्या विम्यावरून सरकार बंद पडतं, तो विमा स्वतः बहुधा बंद पडत नाही.

१ ऑक्टोबर २०१३ ला नेमकं हेच झालं. ओबामाकेअर या आरोग्यविमा कायद्याचा पैसा तोडण्यासाठी रिपब्लिकनांनी अडवणूक केली, सरकार बंद पडलं आणि त्याच दिवशी ओबामाकेअरची मार्केटप्लेस, म्हणजे विमा विकत घ्यायची सरकारी ऑनलाइन बाजारपेठ, देशभर उघडली. १६ दिवसांनी अडवणूक करणाऱ्यांच्या हाती आलं ते सबसिडी घेणाऱ्यांच्या उत्पन्नाच्या पडताळणीचं एक छोटं कलम. २०२५ मध्ये बाजू उलटल्या. विम्याची वाढीव सबसिडी चालू ठेवा म्हणून डेमोक्रॅट अडून बसले. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर असं ४३ दिवस सरकार बंद राहिलं. शेवटी मिळालं ते डिसेंबरात मतदान घेण्याचं आश्वासन. ११ डिसेंबरचं ते मतदान ५१-४८ असं झालं, म्हणजे सिनेट या वरिष्ठ सभागृहातली ६० मतांची अट पुरी झाली नाही आणि प्रस्ताव पडला. ३१ डिसेंबरला सबसिडी संपली. यातून घ्यायचा व्यवहारी नियम असा: शटडाऊन सुटताना तुमच्या विम्याचा प्रश्नही सुटेल, असं धरून कुठलाही निर्णय लांबवू नका.

बातमी वाचताना काय पाहायचं

अमेरिकेचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. त्याआधी १२ खर्चविधेयकं मंजूर व्हावी लागतात. ती वेळेत होत नाहीत, मग आहे तोच खर्च काही आठवडे चालू ठेवणारा तात्पुरता ठराव येतो, त्याला ‘सीआर’ म्हणतात. आपल्याकडच्या लेखानुदानाशी त्याचं थोडं साम्य आहे, फरक परिणामात आहे. लोकसभेत सरकारच्या खर्चाच्या मागण्या फेटाळल्या तर सरकारच कोसळतं. तिकडे राष्ट्राध्यक्ष स्वतंत्रपणे निवडून आलेला असतो. खर्च अडला तरी तो जागेवरच राहतो आणि कोंडी तशीच पुढे चालते.

वर्तमानपत्रं ‘बहुमत’ म्हणतात तेव्हा सिनेटमधला आकडा तपासा. १०० पैकी ५१ पुरत नाहीत, चर्चा थांबवून मतदानाकडे जायला ६० लागतात. २०२५ मध्ये रिपब्लिकन ५३ होते. तोच ठराव १४ वेळा पडला आणि बहुतेक वेळा बाजूने ५५ च्या आसपास मतं होती. म्हणजे प्रश्न ‘दोन्ही पक्षांत समेट कधी’ असा नव्हताच, ‘आणखी पाच जण कधी फुटणार’ एवढाच होता. ९ नोव्हेंबरला ते पाच आले आणि आकडा ६०-४० झाला. नेत्यांच्या पत्रकार परिषदांपेक्षा प्रत्येक मतदानातला हा आकडा हलतो का, तेवढं पाहा. तो स्थिर असेल तर आठवडाभर तरी काही सुटत नाही, असं समजून चाला.

दुसरी गोष्ट, १२ पैकी कुठली विधेयकं आधीच मंजूर झाली आहेत? ही यादी बातमीच्या तळाशी असते आणि लोक तिथवर वाचत नाहीत. २०१८-१९ च्या ३५ दिवसांच्या शटडाऊनमध्ये कामगार खात्याचा पैसा आधीच मंजूर होता, म्हणून एच-१बी या नोकरीच्या व्हिसाचं काम अडलं नाही. २०२५ मध्ये १ ऑक्टोबरपर्यंत एकही विधेयक मंजूर नव्हतं, म्हणून ते अडलं.

एच-१बी आणि ग्रीन कार्ड: अडतं ते कामगार खात्यात

यूएससीआयएस ही इमिग्रेशनचे अर्ज हाताळणारी संस्था फीवर चालते, त्यामुळे अर्ज घेणं आणि निकाली काढणं सुरू असतं. वकिलातींतलं व्हिसाचं कामही फीवरच चालतं. पण एच-१बी च्या अर्जाला आधी कामगार खात्याने मंजूर केलेला एलसीए, म्हणजे पगार आणि कामाच्या जागेबद्दल कंपनीने दिलेला जाहीरनामा, लागतो, आणि ते खातं बंद. २०२५ मध्ये १ ऑक्टोबरला खात्याची ऑनलाइन यंत्रणाच बंद झाली, ती महिनाअखेरीस परत आली. मधल्या काळात नोकरी बदलणं, मुदतवाढ घेणं, कामाचं शहर बदलल्याची दुरुस्ती करणं, ज्याला ज्याला नवा एलसीए हवा ते सगळं अडलं.

एलसीए मंजूर व्हायला कामाचे ७ दिवस लागतात आणि तो सहा महिने आधी भरता येतो. तेव्हा ऑक्टोबर ते मार्चचा पहिला आठवडा या काळात ज्यांचा एच-१बी संपतो, त्यांनी एलसीए सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत भरून घ्यावा. ‘वकील बघतील’ म्हणून बसू नका, कंपनीच्या एचआरला तारखेसह लेखी विचारा. सीआर ची मुदत जानेवारीत संपत असेल तर हाच हिशेब जानेवारीला लावा.

नोकरी गेलेल्यांची अडचण सगळ्यांत मोठी. नोकरी गेल्यावर देशात राहायला मिळणारी ६० दिवसांची सवलत शटडाऊनमुळे थांबत नाही, घड्याळ चालूच राहतं. नवी कंपनी तयार आहे पण एलसीए मिळत नाही, अशा वेळी साठावा दिवस उजाडायच्या आत एच-४ (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) किंवा बी-२ (पर्यटक व्हिसा) मध्ये बदल मागणारा आय-५३९ अर्ज भरून ठेवता येतो, त्याला एलसीए लागत नाही. शटडाऊनमुळे झालेला उशीर यूएससीआयएस कधी कधी समजून घेते. पण तो तिच्या मर्जीचा भाग आहे, त्यावर नियोजन करू नये.

पर्म, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कामगार खात्याकडून घ्यायचं प्रमाणपत्र, त्याची गोची वेगळी आहे. नोकरीच्या जाहिराती दिल्यानंतर किमान ३० आणि कमाल १८० दिवसांच्या खिडकीतच अर्ज भरावा लागतो. शटडाऊनमध्ये ती खिडकी संपली तर जाहिराती पहिल्यापासून कराव्या लागू शकतात. त्यामुळे १८० व्या दिवसापर्यंत ताणण्याची काही कंपन्यांची सवय सप्टेंबरात फार महाग पडते.

विमा: हिशेब जुन्या नियमाने करा

नोकरीतून विमा मिळत असेल तर हा भाग सोडून दिलात तरी चालेल. स्वतःचा धंदा असणारे, मधल्या काळात नोकरी नसणारे आणि आईवडिलांना ग्रीन कार्डवर नेलेले, यांनी मात्र सावकाश वाचावं.

२०२१ पासून २०२५ पर्यंत वाढीव सबसिडीमुळे कुणालाही उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांहून जास्त प्रीमियम भरावा लागत नव्हता (मोजणी ठराविक सिल्व्हर, म्हणजे मधल्या दर्जाच्या, प्लॅनवर). २०२६ च्या सुरुवातीला जुनी कडा परत आली: उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या ४०० टक्क्यांवर गेलं की मदत शून्य. २०२६ च्या विम्यासाठी ही रेषा एकट्याला ६२,६०० डॉलर आणि चौघांच्या कुटुंबाला १,२८,६०० डॉलर आहे. उत्पन्न १,२८,००० असेल तर तुमचा वाटा ९.९६ टक्क्यांपर्यंत, म्हणजे वर्षाला सुमारे १२,७५० डॉलर, आणि त्यावरचा प्रीमियम सरकार भरतं. १,२९,००० झालं की सगळा प्रीमियम तुमचा.

इथे लोक दोन ठिकाणी फसतात. पहिलं, अंदाज चुकला तर वर्षाअखेरीस काय होतं ते माहीत नसतं. २०२६ च्या करवर्षापासून जादा घेतलेली सबसिडी पूर्ण परत करावी लागते. कमी उत्पन्नवाल्यांना परतफेडीवर जी कमाल मर्यादा होती, ती काढून टाकली आहे. डिसेंबरातल्या एका बोनसने किंवा शेअरविक्रीने वर्षभराची मदत परत जाऊ शकते. कडेच्या जवळ असाल तर पारंपरिक ४०१(के) (नोकरीतलं निवृत्तीखातं) किंवा एचएसए (औषधोपचारासाठीचं करमुक्त बचतखातं) मध्ये पैसे टाकून उत्पन्न खाली आणा. एचएसए ची २०२६ ची कुटुंबाची मर्यादा ८,७५० डॉलर आहे आणि त्या वर्षापासून मार्केटप्लेसवरचे सगळे ब्राँझ (कमी हप्त्याचे) प्लॅन त्याला पात्र आहेत.

दुसरं, ग्रीन कार्डवरचे आईवडील. मेडिकेअर हा ज्येष्ठांचा सरकारी विमा विकत घ्यायलाही पाच वर्षांचं वास्तव्य लागतं, म्हणून तोवर मार्केटप्लेसचा आधार घेतात. त्यांचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १०० टक्क्यांच्या खाली असलं तरी पूर्वी सबसिडी मिळायची. २०२६ पासून मिळत नाही. दोघांसाठी ही खालची रेषा २१,१५० डॉलर आहे. भारतातलं बँकेचं व्याज आणि घरभाडं या उत्पन्नात धरलं जातं, तेव्हा ते लपवण्यात कायदेशीर धोका तर आहेच, शिवाय इथे तोटाही आहे, कारण उत्पन्न रेषेखाली दिसलं की सबसिडी जाते. तुम्ही त्यांना तुमच्या करविवरणात अवलंबित दाखवलंत तर मात्र तुमच्या घराचं एकूण उत्पन्न मोजलं जातं. नवराबायकोने विवरण एकत्रच भरावं लागतं, वेगवेगळं भरलं तर सहसा मदत नाही. १ जानेवारी २०२७ पासून एच-१बी, एच-४ आणि एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांची सबसिडीची पात्रता कायद्यानेच संपते. ग्रीन कार्डवाल्यांची राहते.

२०२६ च्या विम्याची नोंदणी १ नोव्हेंबरला सुरू झाली तेव्हा शटडाऊन चालूच होतं आणि नोंदणी थांबली नाही. १ जानेवारीपासून विमा हवा असेल तर बहुतेक राज्यांत १५ डिसेंबरपर्यंत प्लॅन निवडावा लागतो, आणि पहिला हप्ता भरल्याशिवाय विमा सुरू होत नाही. ‘वॉशिंग्टनमध्ये काहीतरी ठरेल’ म्हणून थांबलेल्यांची हीच तारीख चुकते. आहे त्या नियमाने प्लॅन घ्या. पुढे मदत वाढलीच तर ती करविवरणातही मिळवता येते.

विमानप्रवास आणि पगार

पहिले दोन-तीन आठवडे विमानतळावर फारसं जाणवत नाही. पहिला पूर्ण पगार चुकला की हवाई नियंत्रक आणि सुरक्षा तपासणी करणारे टीएसए चे कर्मचारी गैरहजर राहू लागतात. ते ‘अत्यावश्यक’ असल्याने बिनपगारी राबत असतात. २०२५ मध्ये ७ नोव्हेंबरपासून ४० मोठ्या विमानतळांवर देशांतर्गत उड्डाणं ४ टक्क्यांनी, मग ६ टक्क्यांनी कमी केली. आंतरराष्ट्रीय उड्डाणं वगळली होती. म्हणजे मुंबई-न्यूअर्क विमान वेळेवर पोचतं, घोळ पुढच्या जोडविमानात होतो. आईवडील येणार असतील तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर ठेवा, मध्ये किमान चार तास सोडा आणि दिवसातलं शेवटचं जोडविमान टाळा. शटडाऊन संपलं तरी ही कपात १७ नोव्हेंबरला, पाच दिवसांनी उठली.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना थकलेला पगार देण्याची तरतूद २०१९ च्या कायद्यात आहे. कंत्राटदारांना नाही. सरकारी प्रकल्पावर कन्सल्टन्सीमार्फत काम करणारे आपल्यातले बरेच जण या दुसऱ्या गटात येतात. तुम्ही एच-१बी वर असाल तर काम थांबलं तरी एलसीए मधला पगार कंपनीला द्यावाच लागतो. ‘प्रकल्प बंद आहे, बिनपगारी रजा टाका’ असं सांगितलं तर स्वतःहून रजेचा अर्ज करू नका. तो अर्जच पुढे कंपनीच्या बाजूचा पुरावा ठरतो. सूचना ईमेलवर मागा, पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवा आणि पहिला पगार चुकताच इमिग्रेशन वकिलाला गाठा.