नमकीनच्या दुकानाचं सॉफ्टवेअर दोन-दोन आठवड्यांत कसं बनवावं

इंदूरात आमच्यासारख्या छोट्या टीमकडे येणारी कामं बहुतेक व्यापाऱ्यांची. सियागंजचे ठोक किराणावाले, सांवेर रोडचे कारखानदार, रामबागेकडचे नमकीनवाले काका. यांच्यापुढे साठ पानी रिक्वायरमेंट डॉक्युमेंट, म्हणजे काय-काय हवं त्याची यादी, ठेवलं तर ते सही करतात, वाचत नाहीत. सहा महिन्यांनी सॉफ्टवेअर समोर आलं की "हे असं नको होतं" म्हणतात, आणि मग भांडण त्या सहीवरून सुरू होतं. काकांचा दोष नाही. स्क्रीन पाहिल्याशिवाय कोणाला कळणार काय हवंय?

म्हणून आम्ही दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत बनवतो आणि प्रत्येक तुकडा दाखवतो. या पद्धतीला अजाईल म्हणतात, आणि एका तुकड्याला स्प्रिंट. त्यात पहिली गोष्ट: गर्दीच्या वेळी काउंटरच्या आत जाऊन उभे राहा. काकांनी आम्हाला तोंडी सांगितलं होतं, "वजन टाकलं की रक्कम आली पाहिजे, बास." सोपं काम. संध्याकाळी पाहिलं तर निम्मी गिऱ्हाइकं वजन बोलतच नव्हती. "भिया, पचास की लौंग सेव दे दो." मुलगा अंदाजानं काट्यावर शेव टाकायचा, मग दोन चिमट्या कमी-जास्त. म्हणजे उलटा हिशेबही हवा: रुपये टाकले की ग्रॅम दिसले पाहिजेत.

हे कार्डावर (एका कामाची एक चिठ्ठी) दुकानाच्या भाषेत लिहा, आणि खाली तपासायचं कसं तेही लिहा: "भाव २४० रुपये किलो, गिऱ्हाइकानं ५० ची मागितली, स्क्रीनवर २०८ ग्रॅम." डेव्हलपर, टेस्टर आणि काका, तिघांनाही कळेल असं कार्ड झालं. ज्या कार्डाला असं उदाहरण जोडता येत नाही, ते अजून कामाला घेण्यासारखं झालेलं नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत काय बनवायचं? नवी मुलं आधी अख्खा डेटाबेस मांडतात, मग लॉगिन, मग सगळे मास्टर, म्हणजे वस्तू-गिऱ्हाइकांच्या याद्या. असं करू नका. वस्तू शोधली, वजन टाकलं, रक्कम आली, बिल छापलं, एवढंच. पण वरपासून खालपर्यंत पूर्ण. उधारी, स्टॉक, रिपोर्ट काही नाही. रूप ओबडधोबड असलं तरी चालेल, प्रिंटरमधून कागद बाहेर पडलाच पाहिजे.

डेमो दुकानातच घ्या, दुपारी गर्दी नसताना. माउस आपल्या हातात ठेवायचा नाही; काउंटरवरच्या मुलाला चालवू द्या आणि आपण गप्प बसा. तो कुठे अडतो, कुठलं बटण शोधतो, ते लिहून घ्या. "ताई, पाकिटं मोजून विकतो, ती कुठे टाकू?" असा प्रश्न आला की समजा पुढच्या स्प्रिंटचं कार्ड मिळालं.

रोजची पंधरा मिनिटांची उभ्या-उभ्या बैठक आणि स्प्रिंट संपल्यावर "काय खटकलं" ही चर्चा, यावर फार लिहीत नाही. करा, पण लांबवू नका.

आता बदल. काकांचं मन बदलतं हा त्यातला लहान भाग. मोठा बदल बाहेरून येतो. जीएसटी कौन्सिलनं ३ सप्टेंबर २०२५ ला नवे दर जाहीर केले आणि ते २२ सप्टेंबरपासून लागू झाले. त्याआधी सुट्या शेवेवर ५ टक्के आणि लेबल लावलेल्या पाकिटावर १२. आता पाकीटही ५ टक्क्यांत. जेमतेम अडीच आठवडे मिळाले. ज्यांचा सहा महिन्यांचा आराखडा सही होऊन गोठलेला, त्यांना हे चेंज रिक्वेस्ट, नवं कोटेशन, नवी सही. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटवाल्यांना एक कार्ड सगळ्यात वर सरकवायचं होतं.

मात्र ते कार्ड स्वस्तात पडावं अशी सोय कोडमध्ये हवी. दर कोडमध्ये लिहायचा नाही, तक्त्यात ठेवायचा: वस्तू, सुटी की पाकीट, दर, कधीपासून. हा "कधीपासून" सोडू नका. २१ सप्टेंबरचं पाकीट २५ ला परत आलं तर क्रेडिट नोट (परतीची चिठ्ठी) मूळ बिलाच्या, म्हणजे १२ टक्के दरानंच निघते. म्हणून तीन ऑटोमॅटिक टेस्ट लिहा: २१ चं बिल १२ टक्के, २२ चं ५ टक्के, आणि २१ च्या मालाची २५ ला परती १२ टक्के. कोड बदलला की या टेस्ट आपोआप चालल्या पाहिजेत. टेस्ट नसतील तर दर दोन आठवड्यांनी रिलीज करणं म्हणजे नुसती धांदल.

पायऱ्यापायऱ्यांनी जाणारी जुनी पद्धत म्हणजे आधी सगळं लिहा, मग सगळं बनवा, मग तपासा. तिचा आराखडा १९७० मध्ये अमेरिकी संगणकतज्ज्ञ विन्स्टन रॉइस यांनी मांडला, आणि टेस्टिंग शेवटी ठेवण्यात धोका आहे हेही त्यांनीच लिहिलं. आकृती लोकांनी उचलली, इशारा राहिला. पुढे फेब्रुवारी २००१ मध्ये युटातल्या स्नोबर्डला १७ जणांनी अजाईलचा जाहीरनामा केला. योजनेला चिकटण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद महत्त्वाचा, असं त्यात आहे. पण योजनेलाही किंमत आहे, असंही त्यातच आहे. हे वाक्य विसरून "अजाईल म्हणजे कागद लिहायचा नाही" म्हणणारे विजय नगरात पुष्कळ भेटतील.

काही गोष्टी आधीच पक्क्या करा. इलेक्ट्रॉनिक काट्याची केबल कुठली, लेबलचं माप काय, पाऊचवर काय छापायचं. पाऊच छापायला गेले की मागे फिरणं महाग पडतं.

पैशाचं बोलणं पहिल्याच दिवशी करा. बजेट ठरलेलं असेल तर नवं कार्ड आत आलं की तेवढ्याच मेहनतीचं दुसरं बाहेर जाईल, आणि कुठलं जाईल ते काका ठरवतील. चालू स्प्रिंटचं ध्येय मात्र मध्येच हलवायचं नाही. पैसे प्रत्येक डेमोनंतर त्या-त्या स्प्रिंटचे घ्या, आणि दोघांपैकी कोणालाही थांबायची मुभा करारात ठेवा. "सगळं झाल्यावर एकदम देतो" याला हो म्हणू नका, ओळख कितीही घरची असो.

नवं सुरू केलं तरी जुनं बिलबुक लगेच बंद करू नका. आठवडाभर दोन्ही चालवा आणि रोज रात्री गल्ला मिटवताना बेरजा जुळवा. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात नवीन काहीही टाकायचं नाही. त्या काळात फक्त चुका दुरुस्त करा, आणि उरलेली कार्डं देवदिवाळीनंतर घ्या.